रिचार्जेबल सेल आणि चार खणांचा चार्जर : घरगुती प्रकल्पाच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

अण्णांचा रेडिओ आज सकाळी बातम्या चालू असतानाच बंद पडला. त्यात घातलेले दोन्ही पेन्सिल सेल परवाच रात्रभर चार्जरला लावून काढलेले होते. याच आठवड्यात हे दुसऱ्यांदा घडल्यामुळे दोष रेडिओचा, सेलचा की चार्जरचा, याचा एकदाचा छडा लावायचा आणि त्याच्या तारीखवार नोंदी ठेवायच्या, असे ठरवले.

प्रथम घरातील सगळे रिचार्जेबल सेल एका ताटात गोळा केले. २०१९ साली कॅमेऱ्याच्या फ्लॅशसाठी घेतलेले, २००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचे माप) क्षमतेचे आठ एए, म्हणजे नेहमीचे पेन्सिल सेल. त्याहून जुने, अंगावर २७०० हा आकडा मिरवणारे चार एए सेल. आणि रिमोटमधले चार बारीक एएए सेल, असे एकूण सोळा निघाले. ते आजवर कोणत्याही क्रमाने कोणत्याही उपकरणात फिरत होते. प्रत्येकावर कायमस्वरूपी शाईच्या पेनाने क्रमांक घातला आणि वहीत प्रत्येकासाठी एक ओळ आखली. यापुढे सेलची ओळख म्हणजे हा क्रमांक, त्याची जात किंवा रंग नाही.

आत्ताचा चार्जर भिंतीत खोचायचा साधा प्रकारचा आहे. त्यात सेल जोडीनेच लावावे लागतात आणि जोडीतील दोन्ही सेलांमधून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे एक सेल अर्धा भरलेला आणि दुसरा रिकामा असला तर पहिला गरजेपेक्षा जास्त भरत राहतो आणि दुसरा उपाशी राहतो. त्यावरील लाल दिवा फक्त वीज आल्याचे सांगतो. सेल भरला की नाही हे त्या दिव्याला कधीच कळलेले नसते.

९ मार्च, रविवार

चार्जर निवडण्यापूर्वी त्याने नेमके कोणते काम करायचे आहे, ते स्वतःला स्पष्ट व्हावे म्हणून ही नोंद.

आपले सेल निकेल मेटल हायड्राइड जातीचे आहेत. धन बाजूला निकेलचे संयुग, ऋण बाजूला हायड्रोजन शोषून घेणारा मिश्रधातू आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, अशी त्यांची रचना असते. सेल भरत असताना दिलेली वीज बहुतांशी या रासायनिक बदलातच खर्च होते आणि सेल जवळजवळ थंड राहतो. तो पूर्ण भरल्यावरही प्रवाह चालूच ठेवला, तर धन बाजूला ऑक्सिजन तयार होऊ लागतो, तो ऋण बाजूला जाऊन पुन्हा सामावला जातो आणि या येरझाऱ्यांत सगळी वीज उष्णतेत बदलते. सेल तापला की त्याचे व्होल्टेज किंचित खाली येते. हा उतार एका सेलमागे साधारण पाच ते दहा मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी असतो. स्मार्ट चार्जर म्हणून जे विकले जाते, त्याचे शहाणपण मुख्यतः हा एवढासा उतार टिपून वेळेवर थांबण्यात आहे. भरणे तर जुना चार्जरही करतो.

म्हणून अटी अशा लिहून ठेवल्या. चारही खण एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र हवेत. उताराखेरीज तापमानावरही त्याचे लक्ष हवे, कारण उतार चुकला तर तोच शेवटचा पहारेकरी असतो. प्रवाह आपल्याला निवडता यायला हवा. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सेल रिकामा करून त्यातून प्रत्यक्ष किती एमएएच निघाले, हे त्याने आकड्यात दाखवायला हवे. पडद्यावर दिसणारा भरतानाचा आकडा फसवा असतो. सेलमध्ये जेवढे घालतो त्यातील काही भाग उष्णतेत जातो, त्यामुळे भरलेले नेहमीच निघालेल्यापेक्षा जास्त दिसते.

१५ मार्च, शनिवार

महात्मा गांधी रोडवरील तीन दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने सेलांचे क्रमांक पाहून कौतुकाने मान हलवली आणि सल्ला दिला, "साहेब, रात्रभर लावून ठेवायचे आणि सकाळी काढायचे, एवढं काय त्यात?" त्याच्याकडे जोडीने भरणारेच चार्जर होते, आणि त्या चार्जरांपुरता त्याचा सल्ला बरोबरच होता, कारण क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे २००० च्या सेलला २०० मिलिअँपिअरने, चौदा-सोळा तास भरणे ही या सेलांची जुनी आणि रूढ पद्धत आहे. मात्र ती पद्धत सेल सुरुवातीला पूर्ण रिकामा आहे असे धरून चालते, आणि घरात पूर्ण रिकामे सेल क्वचितच हाती येतात.

पर्याय तीन गटांत पडले. पहिला गट पॅनासॉनिकच्या बीक्यू-सीसी५५ सारख्यांचा : प्रत्येक खणाला वेगळा दिवा, स्वतःहून थांबणे, पण आकडे काहीच नाहीत. ज्याला केवळ सेल भरून हवे आहेत त्याने हाच घ्यावा, असे माझे प्रामाणिक मत आहे. दुसरा गट माहा कंपनीच्या एमएच-सी९००० सारख्या, फक्त निकेल जातीच्या सेलांसाठी बनवलेल्या मोजमाप करणाऱ्या चार्जरांचा. तिसरा गट ओपस बीटी-सी३१०० सारख्यांचा, ज्यांत निकेलबरोबर लिथियमचे सेलही भरता येतात आणि गार ठेवायला छोटा पंखा असतो. घरात सुटा लिथियम सेल एकही नसल्याने तिसऱ्या गटाची लवचीकता माझ्या उपयोगाची नव्हती, आणि जे यंत्र एकाच जातीचे काम करते त्याच्यावर माझा विश्वास थोडा जास्त बसतो. दुसऱ्या गटातील चार खणांचा एक चार्जर ऑनलाइन मागवला.

किंमत ऐकून अण्णा म्हणाले, "एवढ्यात घड्याळाचे सेल जन्मभर पुरतील रे." घड्याळापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. भिंतीवरचे घड्याळ इतका अल्प प्रवाह घेते की साधा स्वस्त सेल त्यात वर्षभर सहज निभावतो. तिथे रिचार्जेबल घालणे म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसाठी टेम्पो बोलावण्यासारखे आहे. म्हणून घड्याळ या प्रकल्पातून वगळले.

२२ मार्च, शनिवार

चार्जर आला. सेल नुसते भरायला न लावता आधी चारच्या गटाने सगळे एए सेल भरून, तासभर थंड होऊ देऊन, मग ४०० मिलिअँपिअरने रिकामे केले. २०१९ च्या आठ सेलांपैकी सात १८५० ते १९२० एमएएचच्या दरम्यान निघाले, म्हणजे सहा वर्षांनंतरही ते जवळजवळ नवे आहेत. आठवा, म्हणजे क्रमांक ६, फक्त १२१० वर अडकला.

खरा धक्का २७०० वाल्यांनी दिला. त्यांतून अनुक्रमे १४३०, १५१०, ६२० आणि १३८० एमएएच निघाले. रेडिओत परवा जी जोडी होती तिच्यात क्रमांक ९ आणि क्रमांक ११ होते, आणि ६२० वाला तोच क्रमांक ११. रेडिओचा दोष नव्हता हे यावरून सिद्ध झाले.

जोडीतील एक सेल आधी संपला तर नुसता रेडिओ बंद पडून भागत नाही. उपकरण चालूच राहिले तर चांगला सेल त्या रिकाम्या सेलमधून बळेबळे प्रवाह ढकलतो, रिकाम्याचे व्होल्टेज शून्याखाली जाऊन टोके उलटतात आणि तो कायमचा जायबंदी होतो. दोन सेलांच्या रेडिओत हा धोका कमी असतो. मुलीच्या चार सेलांच्या गाडीत मात्र ती गाडी रखडत चालेपर्यंत ती खेळते, आणि तिथेच क्रमांक ११ बळी पडला असावा असा माझा कयास आहे.

२३ मार्च, रविवार

आज उतार स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा हट्ट पुरवला. क्रमांक २ हा सेल १००० मिलिअँपिअरवर लावला, मल्टिमीटरच्या दोन्ही सुया खणातील पट्ट्यांना टेकवल्या आणि मल्टिमीटरसोबत आलेली तापमान मोजायची तार सेलच्या पोटाला चिकटपट्टीने लावली. पहिला दीड तास कंटाळवाणा गेला, व्होल्टेज १.४० वरून १.४६ पर्यंत मुंगीच्या पावलाने चढले आणि सेल खोलीपेक्षा जेमतेम चार अंशांनी गरम होता. एक तास चाळीस मिनिटांनंतर चढ एकदम उभा झाला. १.४९, १.५१, १.५२०, १.५२४, पुन्हा १.५२४. मग १.५२२, १.५१९, आणि १.५१६ ला चार्जरच्या पडद्यावर काम पूर्ण झाल्याची खूण उमटली. शेवटच्या दहा मिनिटांत सेलचे तापमान ३४ वरून ४२ अंश सेल्सिअसवर गेले होते. आठ मिलिव्होल्टचा तो उतार, ज्याला आपण मोजण्याच्या चुकीत जमा करून मोकळे झालो असतो, तो एवढ्याशा यंत्राने अचूक धरला. हे पाहायला मी मुलीला शेजारी बसवले होते. ती दीड तासाच्या टप्प्यावरच उठून गेली.

३१ मार्च, सोमवार

पाडव्याला जोडून सुट्टी मिळाल्यामुळे सेलांना कसरत देण्याचा लांबलचक कार्यक्रम पार पाडला. यात चार्जर सेलला क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने सोळा तास भरतो, तासभर विसावा देतो, एक पंचमांश प्रवाहाने रिकामे करतो, पुन्हा विसावा देतो आणि पुन्हा सोळा तास भरतो. क्षमता मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातही भरण्याचे हेच प्रमाण धरलेले आहे. सगळे मिळून एकोणचाळीस तास लागतात, त्यामुळे गुढी उतरली तरी चार्जर चालूच होता.

क्रमांक ६ हा १२१० वरून १७४० वर आला. फ्लॅशच्या पेटीत तो वर्षानुवर्षे नुसता पडून होता आणि त्याला फक्त जाग यायची होती. क्रमांक ११ मात्र ६२० वरून ६६० वरच थांबला. पडून राहिल्याने सुस्तावलेला सेल आणि खरोखर झिजलेला सेल यांतील फरक बाहेरून कधीच दिसत नाही. तो या एका कार्यक्रमाने सांगितला. हा कार्यक्रम वारंवार करण्यात अर्थ नाही, कारण त्यात सेलचे आयुष्यही थोडे खर्च होते. वर्षातून एकदा पुरे.

उरलेल्या तीन २७०० वाल्यांची आणखी एक परीक्षा गेल्या आठवड्यात घेतली होती. त्यांना पूर्ण भरून सात दिवस कपाटात ठेवले आणि आज रिकामे केले. १४३० वाल्यातून ७६० एमएएच निघाले. म्हणजे काहीही न करता निम्मा सेल आठवड्यात आटला. शेजारी तसाच ठेवलेल्या क्रमांक ३ चे १८९० चे १८४० झाले होते. २७०० वाले आणि २००० वाले, या दोन प्रकारांतला हाच भेद आहे. सान्योने २००५ साली एनेलूप नावाने कमी गळतीचे, म्हणजे पडून राहिल्यावर कमी आटणारे, सेल बाजारात आणले, पुढे तो व्यवसाय पॅनासॉनिककडे गेला, आणि तेव्हापासून अशा सेलांवर कमी स्वगळतीचा किंवा आधीच भरलेले असल्याचा उल्लेख सापडतो. सेल घेताना अंगावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा तो उल्लेख आधी शोधावा. रिमोट, माउस, रेडिओ यांसारख्या सावकाश खाणाऱ्या उपकरणांत २७०० पेक्षा २००० च जास्त दिवस चालतो, हे आता माझ्या वहीत आहे.

६ एप्रिल, रविवार

आज माझी चूक झाली, ती तशीच लिहून ठेवतो. सावकाश भरल्याने सेल जास्त टिकतो, हे वाक्य लहानपणापासून ऐकत आल्यामुळे काल संध्याकाळी चार सेल मुद्दाम सर्वांत कमी, २०० मिलिअँपिअर प्रवाहावर लावून झोपलो. दुपारी बाराच्या सुमारास लक्ष गेले, तेव्हा दोन खणांत काम पूर्ण झाले होते आणि उरलेल्या दोन खणांत ३३०० एमएएचचा आकडा पुढे सरकतच होता. २००० च्या सेलमध्ये ३३०० मावत नाहीत; ते दोन सेल हाताला कोमट लागत होते आणि आणखी किती वेळ तसेच राहिले असते कोण जाणे.

कारण २३ मार्चच्या नोंदीतच होते, फक्त ते मला वेळेवर आठवले नाही. प्रवाह इतका कमी असला की शेवटी तयार होणारी उष्णता सावकाश निघून जाते, सेल एकदम तापत नाही, आणि म्हणून व्होल्टेजचा उतारही इतका पसरट होतो की चार्जरला तो दिसत नाही. उतार पाहून थांबणाऱ्या चार्जरला क्षमतेच्या निम्म्यापासून पूर्ण क्षमतेपर्यंतचा प्रवाह द्यावा, ही शिफारस त्यासाठीच असते. यापुढे २००० च्या एए सेलला १०००, आणि ७५० च्या एएए सेलला ४०० मिलिअँपिअर. हे दोन आकडे चार्जरच्या पाठीवर चिकटवले आहेत. सोळा तासांच्या कार्यक्रमाला ही अट लागू नाही, कारण तिथे चार्जर उतारावर न विसंबता घड्याळ पाहून थांबतो.

१९ एप्रिल, शनिवार

उन्हाळ्याने नवी अडचण आणली. आमची गच्चीखालची खोली दुपारी ३७ अंशांपर्यंत तापते. तिथे १००० मिलिअँपिअरवर लावलेले चार सेल शेवटी ५१ अंशांवर पोहोचले, आणि त्यांतून निघालेली क्षमता मार्चपेक्षा शंभर-सव्वाशेने कमी भरली. हे सेल ४० अंशांच्या पुढे नीट भरत नाहीत. ऑक्सिजनची येरझार आधीच सुरू होते आणि वीज उष्णतेत जाते. चार्जर आता स्वयंपाकघराच्या खिडकीखाली शहाबादी फरशीवर असतो आणि सेल पहाटे पाचला लावतो. चार सेल शेजारी शेजारी भरण्याऐवजी एक खण मोकळा सोडून दोनच लावले, तर शेवटचे तापमान पाच-सहा अंशांनी उतरते.

त्यातच दुपारी दोन वेळा वीज गेली. वीज परत आल्यावर हा चार्जर निवडलेला कार्यक्रम विसरतो आणि मनानेच ५०० मिलिअँपिअरवर भरायला सुरुवात करतो. क्षमता मोजणे चालू असेल तर सगळी मोजणी वाया जाते. सेल आधीच भरलेला असेल तर उतार पुन्हा दिसेपर्यंत तो जादा भरला जातो. इतक्या विचारी यंत्रात ही उणीव राहावी, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. उपाय म्हणून चार्जर इन्व्हर्टरच्या प्लगवर हलवला. अण्णांना विजेच्या बिलाची काळजी होती, म्हणून त्यांच्यासमोर हिशोब मांडला : एका एए सेलमध्ये १.२ व्होल्ट गुणिले २ अँपिअर-अवर, म्हणजे २.४ वॉट-अवर मावतात, चार सेलांचे दहाच्या आत, आणि वाया जाणारे धरून दुप्पट मानले तरी चार सेल पन्नास वेळा भरायला एक युनिट लागते. त्यांनी कागद स्वतःकडे ओढून गुणाकार तपासला आणि काही न बोलता परत केला.

११ मे, रविवार

अण्णांचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र चार एए सेलांवर चालते. साध्या अल्कलाइन सेलचे व्होल्टेज १.५, आपल्या सेलचे १.२, चार मिळून सहाच्या जागी ४.८ व्होल्ट मिळतात. यंत्राच्या पुस्तिकेत अल्कलाइन सेल वापरावेत असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे तिथे तेच ठेवले. औषधाचा डोस ज्या आकड्यावर ठरतो, त्या यंत्रावर मला प्रयोग करायचे नाहीत.

८ जून, रविवार

माझ्या अनुपस्थितीत अण्णांनी त्याच यंत्रातील संपलेला अल्कलाइन सेल "बघू तरी" म्हणून चार्जरमध्ये लावला. चार्जरने आतला रोध जास्त असल्याचा इशारा दाखवून तो नाकारला, ही चांगली गोष्ट झाली, पण प्रत्येक वेळी तो नाकारेलच याची हमी नाही. असा सेल जबरदस्तीने भरल्यास आत वायू साचून तो गळतो. आता रिचार्जेबल सेलांच्या डब्याला हिरवी आणि साध्या सेलांच्या डब्याला लाल पट्टी आहे. मेहुण्यांनी भेट दिलेले, पोटाला यूएसबीचे भोक असलेले १.५ व्होल्टचे लिथियम सेल तिसऱ्या डब्यात, त्यांच्याच वायरसह ठेवले आहेत. ते आकाराने हुबेहूब एए असले तरी या चार्जरमध्ये चुकूनही जाता कामा नयेत.

२० जुलै, रविवार

पावसाळ्याच्या दमटपणात नवीच तक्रार उद्भवली : क्रमांक ४ आणि ५ लावल्यावर सात-आठ मिनिटांतच काम पूर्ण झाल्याची खूण यायची आणि सेल रिकामेच असायचे. सेल जागा बदलून लावले, तेव्हा दोष खणाबरोबर न राहता सेलांबरोबर गेला. भिंगातून पाहिल्यावर त्यांच्या ऋण टोकावर, स्प्रिंग टेकते त्या जागी, फिकट तपकिरी वर्तुळ दिसले. त्या कळकटपणामुळे रोध वाढतो, चार्जरला व्होल्टेज खोटेच चढलेले दिसते आणि तो सेल भरला असे समजतो. सुती कापडाच्या चिंधीवर सर्जिकल स्पिरिट घेऊन सेलांची दोन्ही टोके आणि खणांतील पट्ट्या पुसल्या. त्यानंतर दोन्ही सेल पूर्ण दोन तास भरले.

चारही २७०० वाले सेवेतून काढले. त्यांची टोके चिकटपट्टीने झाकून ते काचेच्या बरणीत ठेवले आहेत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेले सेल घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात न टाकता ते संकलन केंद्रावर वेगळे द्यायचे आहेत.

सध्याची वाटणी अशी : क्रमांक १ ते ४ मुलीच्या गाडीत आणि ते चौघे नेहमी एकत्रच भरायचे, क्रमांक ५ माउसमध्ये, ६ राखीव, क्रमांक ७ आणि ८ रेडिओत. रेडिओची ही जोडी २८ जूनला भरली होती आणि आज बावीस दिवसांनंतरही चालू आहे. ही तारीख मी वहीत शोधत होतो, तेव्हा अण्णांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बोट दाखवले. जूनच्या पानावर २८ च्या चौकोनात त्यांनी पेन्सिलीने ७ आणि ८ हे दोन आकडे आधीच लिहून ठेवले होते. एएए सेलांची मोजणी बाकी आहे, ती पुढच्या रविवारी.